नेरेओला आठ शब्द कमी

नेरेओ दोन वर्षांचा झाला तरी फारसा बोलेना, म्हणून यादिरा त्याला लारेडोच्या दवाखान्यात घेऊन गेली. सोबत सासूबाई, दोन्या एलोइसा. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण नातवाची परीक्षा त्यांच्याशिवाय होणं शक्यच नव्हतं.

तपासणाऱ्या कॉर्बेटबाईंनी दोन याद्या पुढे ठेवल्या. पोर जे शब्द स्वतः बोलतं, त्यांवर खूण करायची. इंग्रजीची यादी यादिराने घेतली, स्पॅनिशची सासूबाईंनी. कारण टेक्ससमध्ये अकरा वर्षं काढूनही त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, असं घरात सगळे म्हणत.

इंग्रजीचे एकोणीस भरले, स्पॅनिशचे तेवीस.

"या वयाला पन्नास तरी असावेत," कॉर्बेटबाई स्पॅनिशमध्ये जपून म्हणाल्या.

"मी सांगतच होते," सासूबाई म्हणाल्या. "हिनं इंग्रजी घुसवलं आणि पोराचं डोकं निम्मं निम्मं वाटलं गेलं."

"आणि तुम्ही, आई, त्याला तोंड उघडू देता का? त्यानं बोट दाखवायच्या आत तुमच्या तामालचा घास हजर."

"दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे असतात," कॉर्बेटबाई घाईने मध्ये पडल्या. "बेचाळीस झाले. यादीबाहेरचे काही आठवतात का बघा. आठच हवेत."

दोघी आठवत बसल्या. नेरेओने तोवर एक लाकडी ठोकळा उचलून भिरकावला. तो कचऱ्याच्या डब्याला चाटून गेला.

"फाउल," नेरेओ स्वच्छ इंग्रजीत म्हणाला.

दुसरा ठोकळा थेट डब्यात पडला. "स्ट्राइक." मग 'सेफ' झालं, 'बंट' झालं. कॉर्बेटबाई भराभर लिहू लागल्या. सात शब्द झाल्यावर त्याने त्यांच्याकडेच बोट दाखवलं. "ब्लाइंड."

"तो शब्द पंचासाठी आहे," सासूबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"आई, हे याला कुठून आलं?"

"दुपारी टीव्हीवर बेसबॉल लागतो ना. मी इंग्रजीतलाच लावते. स्पॅनिशवाला फार बडबडतो."

"म्हणजे तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"बऱ्यापैकी."

पन्नास भरले होते, पण यादिराचं तिकडे लक्ष नव्हतं. घरी सासूबाईंच्या शेजारीच बसून आपण बहिणीशी फोनवर इंग्रजीत काय काय बोललो, ते तिला एकेक आठवत होतं.

"तुमच्या राजम्याबद्दल मी बोलले होते, ते..."

"ऐकलं. तेव्हापासून मीठ कमी घालते. हल्ली तू दोनदा वाढून घेतेस."

यादिराचे कान तापले. "मग तुम्ही रागावला कशा नाहीत?"

"रागावले असते," सासूबाई नातवाला कडेवर घेत म्हणाल्या, "तर तू फोन बाहेर अंगणात नेला असतास."