आधी लोखंडाले हात लाव

शेजारच्या रामटेकेकाकांच्या घरात शिरायचं तर आधी खिडकीच्या गजाला हात लावायचा. दूधवाला, पोस्टमन, सख्खा जावई, कुणालाही माफी नाही. "अंगातली वीज सोड अगोदर, नाही तं बोर्ड मरते!" मी म्हटलं, "काका, मी फक्त कढी द्यायले आली." तर म्हणाले, "वीज काय कढी पाहून थांबते काय वो?"

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन काका रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात वरच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीला बसले. शहर छत्तीसगडची राजधानी झालं, घरोघरी कॉम्प्युटर आले. लोक हौसेनं बघायचे, काका घाबरून बघायचे. "मशीन ठीक म्हणते ना, तवाच भ्यावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी जुनी डिस्क टकटक वाजायला लागली. पोरीचे जन्मापासूनचे सगळे फोटो तिच्यात. घाईघाईनं नव्या डिस्कवर उतरवले. मशीन म्हणालं, झालं. उघडून बघते तर काय, पोरगी गळ्यापर्यंत, खाली नुसता राखाडी चिखल! कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि काकांचा जिना चढले. जिना चढताना हल्ली माझ्या छातीत दुखायचं. घरात कुणाला बोलले नव्हते. डॉक्टर काय सांगेल, याचीच धास्ती.

काकांनी डबा उघडून आत टॉर्च मारला. "बोर्डच खोटारडा आहे तुझा. याच्यातला माल इकडून तिकडं नेते ना, त्या चिपसेटले खोड आहे. हे साउंड कार्ड लावलं का एका डिस्कवरून दुसरीवर जाता जाता माल सांडवते, अन् वरून म्हणते, पोचला!" त्यांनी कार्ड उपटलं, एकच फोटो पुन्हा नव्या डिस्कवर पाठवला आणि जुना-नवा शेजारी ठेवून केसापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत तपासला. पोरगी पूर्ण होती. मी टेबल धरून उभी होते.

"काय होऊन राहिलं तुले?"

"काही नाही काका. ठीक आहे मी."

काकांनी टॉर्च खाली ठेवला. "तुझी काकूबी हेच म्हणे. हव, बरी आहे मी. शेवटल्या दिवसापर्यंत. जिंदगीभर सिग्नल तपासले मी, अन् तिचं मात्र मानून घेतलं." मग खिडकीकडे बोट केलं. "लोखंडाले हात लाव अन् मंग सांग."

मी गज धरला आणि मला रडूच फुटलं. "छातीत दुखते काका. लई दिवसांपासून."

"चाल."

"अन् फोटो? डिस्क मरून राहिली ना!"

"मरू दे! ज्या पोट्टीचे फोटो, तिले माय नको काय?"

डबा तसाच उघडा, डिस्क टकटकत होती. काकांनी माझा दंड धरून मला हळूहळू जिना उतरवला. दवाखान्याच्या फाटकाशी थांबले. मला वाटलं, इथंही मलाच सांगतील, हात लाव. पण त्यांनी स्वतःच दोन्ही हातांनी फाटकाचा गज घट्ट धरला. डॉक्टरांनी मला आत बोलावलं तरी त्यांना तो सोडवेना.