मारामारीवर ल्यूडोचा उतारा

"मार त्याला! जिवंत सोडू नकोस!"

मुलीच्या खोलीतून आवाज आला आणि चष्मेवाल्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. दिवसभर दुकानात लोकांचे नंबर काढणाऱ्या माणसाला आपल्याच घरात काय चाललंय ते दिसू नये? छे! त्यांना सगळं दिसत होतं. कॉलेजात जाणारी पोर कॉम्प्युटरवर धडाधड माणसं मारायची आणि वर पोटभर जेवायची. परवा ती काकडी चिरत होती, तेव्हा हे दाराआड उभे. तिचा हात फारच सफाईदार वाटला त्यांना.

त्यांनी शेजारच्या हेडबाईंना गाठलं. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अख्खी इमारत अजून त्यांना वचकून असे.

"लक्षणं बरी नाहीत," बाई म्हणाल्या. "आज पडद्यावर मारते, उद्या तुम्हाला मारेल. तिला एखादा शांत खेळ द्या. मी भिंतीला कान लावून आहेच."

झालं! कीबोर्ड कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं.

"बाबा, उद्या आमच्या टीमचा शेवटचा सामना आहे हो! वर्षभर खपलोय आम्ही!" मुलगी रडकुंडीला आली.

"बघ, चढला की नाही आवाज?" ते बायकोला म्हणाले. "आज सगळ्यांनी ल्यूडो खेळायचं. शांतपणे खेळलीस तर कीबोर्ड मिळेल. नाहीतर सुट्टीभर आत्याकडे!"

चौथा गडी म्हणून मेहुण्याला बोलावलं. सुरुवात अगदी गोडीगुलाबीत झाली. मग मेहुण्याने चष्मेवाल्यांची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारली.

"पाच पडले होते! सहा कुठे चाललास?"

"भावोजी, चष्मा बदला."

हे मात्र वर्मी लागलं. "तुम्ही बहीणभाऊ पहिल्यापासूनच एका माळेचे मणी!"

"माझ्या माहेरचं नाव काढायचं नाही!" बायको कडाडली.

"बाबा, हळू. खेळ आहे," मुलगी म्हणाली.

"खेळ गेला खड्ड्यात! आता एकेकाला मारतो बघ!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हातात काठी घेतलेल्या हेडबाई आणि मागे धापा टाकणारा वॉचमन.

"सोड! सोड बापाला!" बाई ओरडल्या आणि जागीच थबकल्या. चष्मेवाले सोफ्यावर उभे होते. त्यांच्या मुठीत मेहुण्याची कॉलर होती. बायकोने दोघांवर उशी उगारली होती. मुलगी टेबलाखालून रांगत बाहेर आली.

"फासा सापडला," ती म्हणाली. "बाई, घाबरू नका. स्वभावाने वाईट नाहीत हो हे. खेळ तेवढा काढून घ्या."

बाईंनी पट गुंडाळला आणि जप्त करून नेला. चष्मेवाल्यांनी खाली मान घालून कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवशी सामना संपवून मुलगी बाहेर आली. "हरलो, बाबा."

"मग? काय काय फोडलंस?" त्यांनी तिच्या हातांकडे संशयाने पाहिलं.

"काही नाही. ते चांगलं खेळले. तसं सांगितलं त्यांना."

एवढ्यात भिंतीपलीकडून हेडबाईंचा आवाज आला, "लबाडा! सहा कुठे चाललास? आता एकेकाला मारते बघ!"

"बाई, सहाच पडलेत हो!" वॉचमन काकुळतीला आला होता.

"बाबा, सोडवायला जायचं का?"

चष्मेवाल्यांनी भिंतीला कान लावला होता. "थांब गं," ते म्हणाले, "आधी कोण जिंकतंय ते कळू दे!"