रिकाम्या खुर्चीला रागावणारे पागेजी

भिंतीपलीकडे कुणीतरी पागेजींना झाडत होतं. "पागे भिया, ऐकायचं काम होतं, तुम्ही ज्ञान बाटत बसले." मी घाबरून दार ढकललं, तर आत एकटे पागेजी. पेशंटच्या खुर्चीत बसून समोरच्या, स्वतःच्याच रिकाम्या खुर्चीला रागावत होते. माझ्या हातातला दात बघायचा आरसा खाली पडला.

राजेंद्र नगरात माझा दातांचा दवाखाना आणि त्यांचं समुपदेशन केंद्र यांच्यात एकच पातळ भिंत आहे. "दात काढल्यावर तुम्ही खड्डा बघता ना?" ते शांतपणे म्हणाले. "मी पण बघतो." पेशंट गेला की ते त्याच्या जागी बसून आपण कसे वागलो ते तपासतात. पेशंटचं नाव मात्र भिंतीलाही कळू देत नाहीत.

हे खूळ केंद्रापुरतं असतं तर ठीक. एकदा अर्ध्या तासाने परत जाऊन त्यांनी पोहेवाल्याची माफी मागितली, की मघाशी मी तुमचं बोलणं मध्येच तोडलं. पोह्यांत काही निघालं की काय, म्हणून तो बिचारा हादरला. वहिनी या माणसाला कशा सहन करत असतील, असं मला वाटे. त्या बेटम्याला माहेरी असतात, एवढंच ते सांगत.

गेल्या महिन्यात एक वयस्कर गृहस्थ त्यांच्याकडून रडत बाहेर पडले. नंतर भिंतीपलीकडून रागावणं ऐकू येईना, म्हणून मी डोकावले. पागेजी पेशंटच्या खुर्चीत पांढरेफटक पडून बसले होते.

"ते काय बोलले ते नाही सांगणार," ते म्हणाले. "मी काय बोललो ते सांगतो. तो नंबर आता बंद करून टाका, असं बोललो. त्यांचं वाक्य पूर्ण पण नाही होऊ दिलं. एवढी घाई मला कशाची होती?"

मग उठून त्यांनी ड्रॉवर उघडला. आत गुलाबी कव्हरचा एक मोबाइल होता, पूर्ण चार्ज केलेला.

"ती बेटम्याला नाहीये, डॉक्टर. दोन साल झाले तिला जाऊन. हा तिचा नंबर मी चालू ठेवलाय."

इतकी वर्षं एका भिंतीला टेकून बसतो आम्ही, आणि मला पत्ता नव्हता.

त्यांनी माझ्यादेखत त्या गृहस्थांना फोन लावला, माफी मागितली आणि सध्या आपल्याऐवजी दुसऱ्या एका अनुभवी समुपदेशक बाईंकडे जा, म्हणून विनवलं. फोन ठेवून ते पुन्हा पेशंटच्या खुर्चीत बसले. या वेळी कुणाला रागावले नाहीत.

लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि बोलू द्यायचं नाही, हा माझा धंदा. तरी मी जाऊन समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि विचारलं, "वहिनींचं नाव काय हो?"