सुइटच्या दारावरचा निळा पडदा

"सात दिवस! सात दिवस तू इकडची काडी तिकडे करायची नाहीस, फुसाए! अख्खं जहाज तुझ्या दिमतीला ठेवलंय मी!"

तोकुजिरोंनी हे वाक्य आधी बायकोला ऐकवलं, मग भाजीवालीला, मग फरश्या उखडायला आलेल्या गवंड्यांना, आणि शेवटी ज्याला ऐकवायचं होतं त्या मेहुण्याला. फोनवर. दोनदा!

आमच्या किनोसाकीत, गरम झऱ्यांच्या गावात, या नवराबायकोची अकरा खोल्यांची सराई आहे. तिथल्या पाहुण्यांच्या आंघोळीच्या गरम पाण्याच्या हौदाला गळती लागली, म्हणून एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा आठवडाभर कुलूप लागणार होतं. आणि या एक्केचाळीस वर्षांत फुसाएबाई एकदाही गरम जेवल्या नव्हत्या. अहो, खोटं नाही सांगत! आधी पाहुण्यांचं वाढायचं, मग नोकरांचं, मग स्वतः बसायचं. घास तोंडाशी नेला की दारात कुणीतरी "मालकीणबाई!" म्हणून उभं. उठल्या! परत येईपर्यंत भात गार, मासा गार, मिसोचं सूप तर विहिरीच्या पाण्यासारखं. तोकुजिरोंच्या हे लक्षात यायला एक्केचाळीस वर्षं लागली, पण आलं एकदाचं. आणि आलं तेव्हा गडी असा पेटला की थेट जहाजावरचा सुइटच ठरवून मोकळा झाला. व्हरांडा, बटलर, न्याहारी बिछान्यात, सगळं सगळं!

मेहुणा शिगेयुकी जन्मभर बस चालवून नुकताच निवृत्त झालेला. त्यानं त्याच जहाजावर सगळ्यात स्वस्तातली खोली घेतली. आतल्या बाजूची, बिनखिडकीची.

"दाजी, डोळे मिटले की तुमचा सुइट काय आणि माझी खोली काय, अंधार तोच!"

"अरे, तुझ्या खोलीत डोळे उघडले तरी अंधारच!"

"पैज लावता? ताईनं त्या सुइटमध्ये बसून एकदा, फक्त एकदा, वाफाळतं जेवण पोटभर खाल्लं ना, तर वर्षभर सराईचा हौद मी घासतो!"

"आणि नाही खाल्लं तर मी घासतो! चल!"

कोबेच्या धक्क्यावर सुइटवाल्यांची रांग वेगळी. रांग कसली, गालिचाच! त्यावरून जाताना तोकुजिरोंनी दूरवरच्या मोठ्या रांगेतल्या मेहुण्याला असा हात हलवला, की बघणाऱ्याला वाटावं हे निवडणुकीलाच उभे आहेत. सुइट पाहून तर त्यांचे डोळेच दिपले! आंघोळीच्या टबातून समुद्र दिसतो! उशांची यादी असते, आपण निवडायची! त्यांनी नऊ प्रकारच्या उशा मागवल्या आणि पलंगावर बसायला जागा उरली नाही.

एकच अडचण होती. बाहेरच्या लांबलचक बोळातली दारं सगळी एकसारखी. पण तोकुजिरो कच्च्या गुरूचे चेले नव्हते. घरूनच तयारी करून आले होते. बॅगेतून त्यांनी सराईच्या दारावरचा निळा पडदा काढला. तोच तो, कमरेपर्यंतचा, मधोमध चिरलेला, सराईचं चिन्ह छापलेला. सकाळी तो टांगला की सराई उघडी, उतरवला की बंद. दार लोखंडी, तेव्हा चार लोहचुंबकं लावली, काम फत्ते!

"कसं? आता खोली चुकायची टाप नाही! आणि आपलं चिन्ह समुद्रावर फडकलं की नाही?"

फुसाएबाईंनी पडद्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि बॅगेतून ॲप्रन काढून कमरेला बांधला.

पहिल्याच संध्याकाळी बटलर आला. रोडेलियो नाव, मनिलाचा, पांढरे हातमोजे, आणि जपानी इतकं आदबशीर की आपल्यालाच लाज वाटावी. "बाईसाहेब, सामान लावून देऊ?"

सामान केव्हाच लागलं होतं! एवढंच नव्हे, जहाजाचे टॉवेल उलगडून, त्यांचे कोपरे जुळवून, पुन्हा नीट घडी घालून ठेवलेले. फुसाएबाईंनी रोडेलियोलाच बूट काढायला लावले, ते दाराबाहेर तोंड करून जोडीनं ठेवले आणि त्याच्यापुढे चहा मांडला. सोबत लाल सोयाबीनची वडी.

"अगं, त्यानं तुला चहा द्यायचाय!"

"अहो, माणूस दारात आला, त्याला कोरडाच पाठवू?"

तेवढ्यात टेबलावरचं जेवण निवलं. तोकुजिरो म्हणाले, असू दे, पहिलाच दिवस आहे.

पण रोडेलियोची झोप उडाली. सुइटमधला पाहुणा सगळं स्वतःच्या हातानं करतो म्हणजे नक्की कुठेतरी नाराज आहे! त्यानं घाबरून साहेबाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन जेवणाच्या वेळी, बटलरांचा साहेब फळांची टोपली घेऊन दारात हजर. "आमचं काही चुकलं असेल तर माफी असावी!" त्याचेही बूट निघाले, त्यालाही चहा मिळाला, आणि निघताना हातात खारवलेल्या आलुबुखारांची बरणी.

"ही कशाला आता?" तोकुजिरो कळवळले. समोर त्यांच्या डोळ्यांदेखत सुपाची वाफ विरत होती.

"फळं घेतली ना त्यांची? मग परतभेट नको? किनोसाकीची माणसं नुसती घ्यायला बसलीत म्हणतील!"

साहेबाला कुठलं माहीत हे! त्याला वाटलं, फळं कमी पडली, म्हणून बरणी अंगावर घातली. रात्रीच्या जेवणाला तो केक घेऊन आला, आणि सोबत स्वयंपाकघराचा मुख्य आचारी. परतभेट म्हणून खेकड्याच्या चकत्यांची दोन पाकिटं गेली. तिसऱ्या दिवशी न्याहारीलाच आचारी मोठा गुच्छ घेऊन परतला! फुसाएबाईंची बॅग रिकामी होत चालली आणि सुइट हलवायाच्या दुकानासारखा भरत चालला. आणि जेवण? गार, गार आणि गार.

खरी गंमत पुढेच आहे. दारावर निळा पडदा. दाराबाहेर ओळीनं बूट, सगळ्यांची टोकं बोळाकडे. आतून चहाचा वास. आता तुम्हीच सांगा, येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय समजायचं?

तिसऱ्या दुपारी ओकायामाचं एक म्हातारं जोडपं पडदा बाजूला करून डोकावलं. "दोघांना जागा आहे का हो?"

"या, या! या ना!" फुसाएबाई हातातला घास ठेवून उठल्याही!

"अहो थांबा, ही आमची खो..." तोकुजिरोंचं वाक्य पुरं होईस्तोवर आजोबांनी चपला काढल्या होत्या आणि आजी व्हरांड्यात जाऊन "अगं बाई, समुद्र!" म्हणून टाळ्या वाजवत होत्या. आता या वयाच्या माणसांना उठवायचं कसं?

त्यांच्यामागून गाण्याच्या क्लासच्या सात बायका आल्या. मग एक निवृत्त हेडमास्तर. चौथ्या दिवशी तर जहाजभर बोभाटा झाला, नवव्या मजल्यावर फुकटचं चहाघर आहे, मालकीण काय प्रेमळ आहे, आणि बसायला उशासुद्धा मिळतात! नऊच्या नऊ उशा कामी आल्या. रोडेलियोनं हातमोजे उतरवून फुसाएबाईंच्या हाताखाली चहा घोटायला शिकून घेतलं, आणि पठ्ठ्या असा खुलला की मनिलाला गेल्यावर चहाघरच काढणार म्हणाला. आणि तोकुजिरो? दाराशी उभे राहून जोडे लावत होते! एक्केचाळीस वर्षांची सवय. मधेच त्यांच्या तोंडून "हेडमास्तरांचे बूट आणा!" अशी आरोळीही निघाली. आपणच आणायचेत हे नंतर लक्षात आलं.

शिगेयुकी आला, बूट काढले, उशीवर ऐसपैस बसला आणि चहाचा घुटका घेतला.

"वा दाजी! सुइटची सोय म्हणजे सोयच हं! ताई सराईतसुद्धा एवढी राबत नव्हती!"

"तू गप बस! अजून तीन दिवस आहेत!"

"हौदासाठी काथ्या घ्यायचा की ब्रश, तेवढं सांगा."

तोकुजिरोंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाचव्या संध्याकाळी त्यांनी जंगी बेत आखला. व्हरांड्यात टेबल. तापलेल्या दगडी थाळीवर समोरच भाजलं जाणारं गोमांस. रोडेलियोला दाराशी उभं केलं. "कुणीही येऊ दे, अगदी कुणीही, आत सोडलंस तर बघ!" खोलीत आधीच येऊन बसलेल्या चौदाजणांना हात जोडून विनंती केली की अर्धा तास मालकीणबाईंना कुणी हाक मारू नका. चौदाजणांनी माना डोलावल्या आणि काचेपलीकडून टक लावून बघत बसले.

थाळी आली. चर्रर्र! वाफेचा लोटच्या लोट! तोकुजिरोंना आनंदानं भडभडून आलं. फुसाएबाई बसल्या. चक्क बसल्या! जेवायच्या काड्या घेतल्या, तुकडा उचलला, ओठांपर्यंत नेला...

"मी आत येऊ का? इथल्या चहाची फार तारीफ ऐकली."

दारात जहाजाचे कप्तान! पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, आणि बूट आधीच काढलेले! बिचारा रोडेलियो, स्वतःच्या कप्तानाला अडवणार कसा?

"या, या, कप्तानसाहेब!" तुकडा थाळीवर, फुसाएबाई उभ्या.

"फुसाए!!"

तोकुजिरो असे ओरडले की सातही गाणाऱ्या बायका एका सुरात दचकल्या. "एकदा! अगं, एकदा तरी गरम खा! एक्केचाळीस वर्षं झाली, तू माझ्यासमोर उठतेस नि मी बघत बसतो! सगळ्यांचं गरम, तुझंच गार! मला लाज वाटते गं! हे जहाज, हा सुइट, या उशा, सगळं त्या एका घासासाठी केलं मी, आणि तू आहेस की..." कप्तान मोज्यांवर उभे, टोपी हातात.

फुसाएबाई नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, मग पडदा कशाला लावलात?"

"क... कुठला पडदा?"

"आपला! पडदा टांगलेला असताना मालकिणीनं बसून जेवायचं? सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलंय मला, पडदा वर तोवर मालकीण उभी. मला वाटलं, तुम्हाला सराईवाचून करमत नाहीये. एवढ्या हौसेनं घरून घेऊन आलात, चेहरा काय फुलला होता तुमचा! म्हटलं, सुट्टी त्यांची आहे, होऊ दे त्यांच्या मनासारखं. पाय मोडून गेलेत माझे पाच दिवस!"

तोकुजिरो उठले, बोळात गेले आणि चारही लोहचुंबकं ओरबाडून पडदा उतरवला. घडी घालून छातीशी धरला. मग हेडमास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे हे चहाघर नव्हतं?"

"आता बसा हो सगळे! आलात तर चहा पिऊनच जा!" तोकुजिरोंनी बायकोच्या कमरेचा ॲप्रन सोडून स्वतःला बांधला. "तू नीघ! इथं थांबलीस तर पुन्हा उठशील. मी बघतो हे!"

आणि पाहिलं त्यांनी! चौदाजण, कप्तान, बटलर, सगळ्यांना एकट्यानं चहा दिला. दोन कप फुटले, कप्तानांच्या मांडीवर थोडा सांडला, पण निभावलं. शेवटचा पाहुणा गेला तेव्हा मांस दगडासारखं झालं होतं आणि फुसाएबाईंचा पत्ता नव्हता. जेवणघरात नाही, डेकवर नाही. धापा टाकत ते चौथ्या मजल्यावर उतरले आणि मेहुण्याचं दार वाजवलं.

काय ती खोली! पलंग आणि भिंत यांच्यात एक माणूस आडवा घुसेल एवढीच जागा. ना खिडकी, ना टेबल, ना कुणाला वाढायची सोय. पलंगावर पाय वर घेऊन, भिंतीला टेकून फुसाएबाई बसल्या होत्या. हातात शिगेयुकीनं उकळतं पाणी ओतून दिलेला नूडल्सचा कागदी पेला. वाफेनं चष्मा पांढरा झालेला.

"अहो!" त्या आतून चित्कारल्या. "अहो, जीभ भाजली माझी!"

इतकं आनंदानं कुणी जीभ भाजल्याचं सांगितलेलं तोकुजिरोंनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते दारातच उभे राहिले, कारण बसायला जागाच नव्हती, आणि डोळे पुसत हसायला लागले.

"भाजली? खरंच भाजली?"

"टोकाला! बघा ना, लाल झालीये का?"

"ताई, सावकाश खा, अजून एक पेला आहे," शिगेयुकी म्हणाला. मग दाजींकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "पैज सुइटमधल्या जेवणाची होती बरं का. मी आपली आठवण करून दिली."

उरलेले दोन दिवस फुसाएबाई जेवायला भावाच्याच खोलीत गेल्या. उतरायच्या दिवशी जहाजानं एक फॉर्म भरायला दिला. 'सुइटमधली कोणती सोय आपल्याला सर्वात उपयोगी वाटली?' तोकुजिरोंनी पेन उघडेपर्यंत फुसाएबाईंनी लिहूनही टाकलं होतं, 'धाकट्या भावाची खोली.'

आता आमच्या किनोसाकीत रोज दुपारी बारा ते साडेबारा त्यांच्या सराईचा पडदा उतरवलेला असतो. त्या अर्ध्या तासात तिथं कुणालाही, अगदी कप्तान आला तरी, आत घेत नाहीत. आणि सकाळी सकाळी गेलात, तर हौदात गुडघे टेकून नव्या फरश्या घासणारे तोकुजिरो भेटतील. त्यांना जरूर विचारा, सुइट घ्यावा का, परवडतो का?

"घ्यावा म्हणजे? घ्यावाच!" ते ब्रश रोखून सांगतात. "बटलर, व्हरांडा, उशा, तोड नाही! फक्त जेवायचं असेल तर सोबत एक बिनखिडकीची खोलीही घेऊन ठेवा."