सीट सायीच्या रंगाची

नियम व कार्यपद्धती विभागाचे अधीक्षक, ज्यांना कार्यालयात तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'टापटीप' म्हणत, त्यांनी नवी गाडी घेतली. तिच्या चामड्याच्या सीट्स सायीच्या रंगाच्या होत्या. काळ्या सीटवर डाग दिसत नाहीत, असं विक्रेत्याने परोपरीने सांगून पाहिलं. पण जे दिसत नाही त्यावर नियंत्रण ठेवता येत नाही, हे टापटीप यांचं प्रशासकीय मत होतं.

गाडी दारात आली तेव्हा आई, बायको आणि मुलगी अशा तिघी कौतुकाने खाली आल्या. बायकोने दार उघडायला हात पुढे केला.

"हात धुतलेस?"

"अहो, मी गाडीत बसतेय. ऑपरेशन नाही करत."

तरीही तिला वर जाऊन हात धुऊन यावं लागलं. आल्यावर हात ओले आहेत म्हणून थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी टापटीप चामड्याची निगा राखण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने शत्रूंची ओळख करून दिली: जीन्सचा सुटणारा रंग, घाम, तेल, खिशातलं पेन. उपाय म्हणून चामडं साफ करायचं एक 'दूध' आणि एक क्रीम दिलं. आधी दुधाने पुसायचं, मग क्रीम चोळून मुरू द्यायचं.

"लग्नाला एवढी वर्षं झाली," बायको बाटल्या न्याहाळत म्हणाली, "माझ्या कातडीची कोणी इतकी चौकशी केली नाही."

मग नियमांना सुरुवात झाली. जीन्स घातलेल्या व्यक्तीस प्रवेश नाही, असं ठरताच मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्याकडे दुसरं काही नाहीच आहे."

"मग बस आहे ना."

आई गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ तेल चोळत असे. तिच्यासाठी सीटवर टॉवेल अंथरला. टॉवेलचा रंग लागेल म्हणून पांढरा आणला. पांढऱ्यातून तेल झिरपेल म्हणून त्याखाली प्लास्टिक घातलं. प्लास्टिकखाली चामडं गुदमरतं असं समजल्यावर काचा उघड्या ठेवल्या, त्यातून धूळ आली, म्हणून काचा लावून अख्ख्या गाडीवर आच्छादन घातलं. आता आत बसायचं तर आच्छादन काढणं आलं, आणि आच्छादन काढलं की धूळ आलीच.

टापटीप यांनी शांतपणे विचार केला. घाम माणसालाच येतो. तेल माणूसच लावतो. पेनही माणसाच्याच खिशात असतं. सगळ्या तक्रारींचं मूळ एकच निघालं. कार्यालयातला अनुभवही वेगळा नव्हता. नागरिक फिरकले नाहीत की सगळ्या फायली कशा नीटनेटक्या राहत! तेव्हापासून सगळं घर बसने जाऊ लागलं. टापटीपही बसनेच जात, आणि सुट्टीच्या दिवशी मात्र न चुकता सीट्स धूत.

अशाच एका सुट्टीत त्यांनी साबणाचं पाणी फाटकापाशी ओतलं. मुलीच्या हाताला धरून आई मोकळ्या हवेत चार पावलं टाकायला खाली आली आणि त्या पाण्यावरून जी घसरली ती थेट खाली बसली. डाव्या पायाचा घोटा बघता बघता सुजला.

"गाडी काढ रे," आई कण्हत म्हणाली.

टापटीप यांनी पाहिलं. आईच्या गुडघ्यांना ताजं तेल होतं, टाचांना चिखल होता, आणि अंगात नवा मरून रंगाचा गाऊन होता. एकदाही न धुतलेला. शिवाय आता भिजलेला.

"एकच मिनिट हं, आई," ते म्हणाले. ते वर धावले, चादर आणि प्लास्टिकची गुंडाळी घेऊन आले आणि तिचे पाय गुंडाळायला लागले.

"मला दवाखान्यात नेतोयस की पार्सल करतोयस?"

एवढ्यात गॅसच्या टाक्या पोचवणारा टेम्पो फाटकाशी थांबला. टेम्पोवाल्याने एका नजरेत प्रकार ओळखला, "चला आजी," म्हणाला आणि मुलीच्या मदतीने आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. त्या सीटमधला स्पंज बाहेर आला होता. आईने पाय ऐसपैस पसरले. गलका ऐकून खाली आलेली बायको आणि मुलगी मागे टाक्यांच्या मधे बसल्या. टेम्पोच्या मागोमाग टापटीप आपली स्वच्छ, रिकामी गाडी घेऊन निघाले.

दवाखान्याच्या दारात चाकांची एक कोरी खुर्ची होती. तिची गादीही फिकट रंगाची आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. टापटीप तिच्याकडे धावले, तसा तिथला कर्मचारी आडवा आला.

"ती मिळणार नाही. पाहणीसाठी ठेवलीय."

"अहो, ती पेशंटसाठी आहे ना?"

"पेशंटसाठीच आहे. पण पेशंट बसले की खराब होते."

"मग तिचा उपयोग काय?"

"साहेब, तुम्ही शिकलेसवरलेले दिसता," कर्मचारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुम्हाला तरी कळायला हवं."

इतका बिनतोड युक्तिवाद टापटीप यांनी आजवर फक्त स्वतःच्या तोंडून ऐकला होता. शेवटी त्यांनी आणि टेम्पोवाल्याने हाताची झोळी करून आईला आत नेलं. आईचा हात त्यांच्या गळ्यात होता. ती इतकी हलकी झाली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पायाला प्लास्टर घालून सगळे बाहेर आले तेव्हा टेम्पो कधीच निघून गेला होता. टापटीप यांनी गाडीतले टॉवेल, प्लास्टिक, चादर सगळं ओढून काढलं आणि डिकीत कोंबलं.

"बस, आई."

"गाऊन ओला आहे रे. डाग पडेल."

"पडू दे," ते म्हणाले. बोलताना आवाज चिरकला, पण बोलले.

आई बसली. तिच्या शेजारी जीन्ससकट मुलगी बसली. घरी पोचेपर्यंत सीटवर ताटाएवढा मरून डाग उमटला होता आणि त्याला एक निळी किनारही आली होती.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. संध्याकाळी शेजारीपाजारी विचारपूस करायला निघाले आणि फाटकाशी गाडी दिसताच थबकले. काचेला नाकं लागली.

"अरेरे! अगदी नवी होती हो."

"टूथपेस्ट चोळा."

"छे, छे! व्हिनेगर!"

एक निवृत्त गृहस्थ हात जोडून काही क्षण स्तब्ध उभे राहिले.

वर आई केस विंचरून, पाय उशीवर ठेवून बसली होती. बायकोने पाण्याचे पेले मांडून ठेवले होते.

"खाली एवढी माणसं बोलतायत," आई म्हणाली, "वर कोणीच कसं येत नाही?"

टापटीप तरातरा खाली गेले. "माझी आई वर आहे! पाय मोडलाय तिचा!"

"हो हो, कळलं ना," गर्दीतून आवाज आला. "वाईट झालं. पण व्हिनेगर आत्ताच लावा. एकदा मुरला की संपलं."

टापटीप वर आले आणि आईचा धड पाय मांडीवर घेऊन चेपत बसले. हाताला तेल लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

गोष्ट एवढीच आहे. तो डाग पुढे गेला की राहिला, दुधाने गेला की व्हिनेगरने, हे इथे सांगितलेलं नाही. आणि वाचकहो, तेवढंच विचारायला तुम्ही अजून खाली थांबला असाल, तर जिना समोरच आहे. आजी वर वाट बघतायत.