डाव्या बाजूचा खडखडाट

रूपसिंगच्या पिकअपला पुढून खडखड आवाज येऊ लागला, तेव्हा त्यांचा जावई संजय याने मिस्त्री रामलालला बोलवायचे नाही असे ठरवले. ठरवले मनातच, पण जेवताना तोंडातून निघून गेले.

"मामाजी, खडखड मी बंद करतो."

ताटावरचे सगळे हात थांबले. लग्नाला वर्ष झाले होते. तांड्यावर सासरीच राहणाऱ्या संजयचे इतके लांब वाक्य कोणी ऐकले नव्हते.

"खडखड जो बंद करन, चाबी त्याची," रूपसिंग म्हणाले. "यंदा कापूस त्यानंच वाहावा. नाई जमलं तं रामलालचा पोरगा चालवन."

शाळा नववीत सुटली असली तरी मोबाइलवर शिकायला कोण अडवतो? सकाळी संजयने रोजच्याप्रमाणे गाडीच्या पुढच्या जाळीमागे बांधलेल्या पूजेच्या लाल पुडक्याला उदबत्ती ओवाळली, 'आवाज सापडू दे' म्हणून हात जोडले आणि जॅक लावला. चाक वरखाली धरून हलवले. ढिलेपणा होता! (हलत जॅक होता, पण काहीतरी हलले, हे खरे.)

"बॉल जॉइंट. डाव्या बाजूचा," त्याने बायकोला, अंजूला सांगितले.

"पक्कं?"

"डॉक्टर नाडी पाह्यते ना, तसं पाह्यलं."

बाभुळगावहून बॉल जॉइंट आला, बसला. आवाजही जागच्या जागी बसून होता. मग बुश बदलले. मग शॉकअप. रोज सकाळी उदबत्ती, रोज संध्याकाळी नवा दोष, आणि दर वेळी डावी बाजू. चौथ्या दिवशी गाडीपेक्षा संजयच्या अंगाला ग्रीस जास्त होते.

"काहून जी," अंजूने विचारले, "जुनं काई ठेवणार का गाडीत?"

"बुडाले हात घातला की रोग सापडते," संजय म्हणाला.

पाचव्या दिवशी चाचणी. संजय स्टेअरिंगवर, शेजारी सासूबाई रामीबाई, खिडकीशी रूपसिंग, मागे हौद्यात अंजू. तांड्यापुढचा पहिलाच गचका लागला. खड्-खड्-खड्!

रूपसिंगनी चाबीकडे पाहिले.

"आता स्टेअरिंग बॉक्सच राह्यला," संजय ठामपणे म्हणाला. "डाव्या..."

"जावईबापू, गाडी थांबवा."

रामीबाई रूपसिंगना ढकलून खाली उतरल्या. जाळीमागे हात घालून त्यांनी लाल पुडके सोडले, कानाशी धरले आणि हलवले. खड्-खड्-खड्.

"दसऱ्याचा नारळ. आतला गोटा वाळून सुटला. बांधला कोणं होता?"

बांधला संजयनेच होता. तारेला सात वेढे देऊन, पक्का, जन्मात सुटू नये असा.

रूपसिंग शब्दाचे पक्के. आवाज जिने बंद केला तिच्या हातात चाबी गेली. रामीबाईंनी ती कमरेला खोचली.

"मले कुठी चालवता येते? तुमीच चालवा, जावईबापू. पण आवाज आला तं पान्ह्याले हात लावायच्या आंधी मले इचारजा."

मग त्यांनी नारळ दगडावर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा जावयाच्या हातावर ठेवला. संजय मान खाली घालून चावू लागला.

हौद्यातून अंजूने आईला हाक मारली, "याडी, ह्यायले नावं नको ठेवू. नारळ डाव्याच बाजूले होता."