धार कशी हाय?

आमच्या शेजारचे आप्पा कुणाला राम राम घालत नाहीत. साठी ओलांडलेला पुरुष दिसला, की चारचौघांत खणखणीत आवाजात विचारतात, "काय, धार कशी हाय?"

मी निवृत्तीनंतर बेंबळीत घर बांधून राहायला आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून हा प्रश्न आला. मला वाटलं, दुधाचं विचारतायत. मी आदबीनं सांगितलं, "आम्ही जनावर ठेवत नाही, दूध विकतच घेतो." आप्पा हसून हसून खालीच बसले. "गुरुजी, म्हशीची न्हाय ओ. तुमची!" तीस वर्षं पोरांना गप्प बसवणारा मी, पण त्या दिवशी मीच पाठ फिरवून घरात पळालो.

आप्पा एसटीचे ड्रायव्हर. नोकरी सुटली, इंजिनाची भाषा काही सुटली नाही. पारावर बसून ते म्हाताऱ्यांना देह समजावतात. मूत्राशय म्हणजे टाकी. तिच्या तोंडाशी पाइपाभोवती एक वायसर, तो प्रोस्टेट. "वय झालं की वायसर फुगतोय, पाइप दबतोय. मग धार बारीक, जोर लावावा लागतोय, आन् टाकी अर्धी भरल्यालीच राहती. म्हणून रातच्याला चारदा उठायचं. ह्यात लाजायचं काय? केस पिकले तवा लाजलाव का?"

पण जळजळ, थंडी-ताप, लघवीत रक्त असं काही ऐकलं की त्यांचा सूर बदलतो. "मग हितं पारावर काय करायलास? डॉक्टर गाठ. आन् पार बंदच पडली, तर घडीभर बी थांबू नगं." एकानं 'वयाचंच आहे, चालायचंच' म्हटलं, तर त्याच्यावर उखडले, "धाराशिव जिल्ह्यात राहतोस आन् धारंची कदर न्हाय तुला?"

बायकांपुढं मात्र मर्यादा पाळतात. त्यांना एवढंच विचारतात, "पानी पिता न्हवं?"

सुरुवातीला मला हा माणूस चावट वाटला. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची. कारण वर्षभर मी तेच दुखणं लपवत होतो. एसटीत बसणंच सोडलं होतं. मी लग्नं टाळली, मयती टाळल्या. अशात भूमहून लेकीचा फोन आला. चार वर्षं काटकसर करून तिनं घर बांधलं होतं. "अण्णा, वास्तुशांतीला तुम्ही आल्याशिवाय मी पूजेला बसायची नाही." मी म्हटलं, गुडघे फार दुखतात गं, नाही जमायचं. ती म्हणाली, "बरं. जपा गुडघ्यांना." फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

कुंपणाला कान असतात, निदान आमच्या तरी. आप्पा आत आले. "गुडघं दुखणारा माणूस दर अर्ध्या तासाला परसात पळत न्हाय, गुरुजी. उद्या धाराशिवला जायचं. डॉक्टरकडं."

गेलो. सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन रोखून धरायचं होतं. मी घामाघूम होऊन बाकावर, आणि आप्पा रांगेतल्या एकेकाला 'धार कशी हाय' विचारत फिरतायत! गंमत म्हणजे कुणी रागावलं नाही. सगळे तोंड भरून सांगायला लागले. एवढी सगळी माणसं माझ्यासारखीच, हे कळलं तेव्हाच माझं निम्मं दुखणं उतरलं. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, वयानं वाढलेली. गोळ्या दिल्या, संध्याकाळनंतरचा चहा तोडला. "बगा, वायसरच निघाला!" आप्पा असे खूश झाले, जणू त्यांनीच बसवलाय.

वास्तुशांतीच्या दिवशी पुतण्याची गाडी घेऊन आप्पा पहाटेच दारात हजर. ते स्वतः चालवायला, शेजारी मी, मागं माझी बायको. धाराशिव मागं पडलं. मी पाण्याची बाटली मागं दिली, तर ही म्हणाली, "नको हो. प्रवास आहे. मी कालपासूनच बेतानं पितेय."

आप्पांनी आरशातून तिच्याकडं पाहिलं. गाडीचा वेग जरा कमी केला. मग समोर बघतच म्हणाले, "आमच्या घरची बी आसंच करायची. तामलवाडीला म्हायेर तिचं. माझ्याच गाडीत बसून जायाची. परक्या म्हाताऱ्यानं सांगितलं तर म्या कुटं बी गाडी हुबी करायचो. पर हिनं कदी सांगितलं न्हाय. म्हनायची, लोक काय म्हनतील, ड्रायवरनं बायकूसाठी गाडी थांबिवली. मग आदल्या दिसापून पानी बंद. मग जळजळ. म्हनायची, उन्हाळी लागली. म्या धनं-जिरं भिजवून द्यायचो. वर्सातनं चार-चारदा."

त्यांनी गिअर बदलला.

"दिवाळीत उन्हाळी कशी लागंल, गुरुजी? थंडी वाजून ताप यायचा तिला. तरी यवढं साधं इचारलं न्हाय म्या. डॉक्टरकडं नेली, तवा किडन्या गेल्त्या."

त्यांच्या पत्नी वारल्या, हे ऐकून होतो. कशानं गेल्या, हे विचारायचं मलाही कधी सुचलं नव्हतं. मागं बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ही घोट घोट करत बाटली संपवेपर्यंत पाणी प्यायली.

पाऊण तासानं मागून हळूच आवाज आला, "आप्पा, कुठं जरा थांबवता का?"

चाळीस वर्षांच्या संसारात हिनं मला कधी हे सांगितलं नव्हतं.

"थांबिवतो की, वैनी!" आप्पांनी पुढच्या पंपावर गाडी वळवली. बायकांची सोय कुठं स्वच्छ आहे, ते त्यांना पाठ होतं. "सावकाश जावा. घाई करू नगा."

ती गेली. आप्पा उतरून पलीकडं तोंड करून उभे राहिले, गळ्यातला टॉवेल डोळ्यांना लावून. ही परत येऊन बसली, तरी ते वळले नाहीत. लेकीचा फोन वाजत होता, मुहूर्त जवळ आला होता. मी त्यांना हाक मारली नाही.